नवापूर स्टेशनवरची शिट्टी आणि पोटातल्या बाळाचं हृदय : कोण होता हा डॉप्लर?

सुरत-भुसावळ मार्गावरचं नवापूर स्टेशन सोशल मीडियावर अधूनमधून फिरत असतं. कारण बहुतेकांना माहीत आहे. स्टेशनचा एक तुकडा महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातमध्ये. तिथे एक बाकडं आहे, त्याच्या मधोमध रेघ. रेघेच्या एका बाजूला नंदुरबार जिल्हा, दुसऱ्या बाजूला तापी जिल्हा. लोक उतरतात, अर्धं इकडे अर्धं तिकडे बसून फोटो काढतात आणि पुढच्या गाडीने निघून जातात.

पण त्याच बाकड्यावर बसून एक अशी गोष्ट अनुभवता येते जिचा फोटो निघत नाही. न थांबणारी एखादी गाडी शिट्टी वाजवत येते. येताना आवाज चढा असतो. इंजिन समोरून पुढे सरकतं आणि तोच आवाज एकदम खाली उतरतो. भोंगा तोच, वाजवणारा तोच. गाडी ताशी १०० किलोमीटरने जात असेल, तर गाणं शिकलेला माणूस सांगेल की सूर जवळपास कोमल गंधारावरून षड्जावर आला.

म्हणजे डोळे मिटून बसलात तरी गाडी येतेय की चाललीय, हे नुसत्या सुरावरून कळतं.

हे असं का होतं, याचं गणित पहिल्यांदा मांडणाऱ्या माणसाचं नाव ख्रिश्चन डॉप्लर. पाचव्या महिन्यात सोनोग्राफीला गेलेल्या बाईच्या पोटातल्या बाळाच्या हृदयातून रक्त कुठल्या दिशेने वाहतंय, हे आज स्क्रीनवर लाल-निळ्या रंगात दिसतं ते याच गणिताच्या जोरावर. रिपोर्टवर कलर डॉप्लर असं लिहिलेलं असतं. पुष्कळांना ते मशीन बनवणाऱ्या कंपनीचं नाव वाटतं.

ते एका माणसाचं आडनाव आहे. तो ४९ व्या वर्षी फुफ्फुसाच्या आजाराने गेला. त्याला काय सापडलंय हे त्याच्या हयातीत फार थोड्यांना कळलं होतं, आणि डॉक्टरांना त्याचा उपयोग होईल हे तर त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

पाथरवटाच्या घरातला नाजूक मुलगा

ऑस्ट्रियातल्या साल्झबर्ग शहरात २९ नोव्हेंबर १८०३ ला त्याचा जन्म झाला. ज्या चौकात त्याचं घर होतं, त्याच चौकात एकेकाळी मोझार्टचं कुटुंब राहायचं. मोझार्टच्या घरात संगीत होतं, डॉप्लरच्या घरात छिन्नी-हातोडा. घराणं पिढ्यान्‌पिढ्या पाथरवटांचं. धंदा उत्तम चाललेला, नाव झालेलं.

रीतीप्रमाणे ख्रिश्चननेही छिन्नी हातात घ्यायची. पण हा मुलगा लहानपणापासून अशक्त. दगडाची धूळ आणि घणाचे घाव त्याला झेपणार नाहीत, हे घरच्यांनी ओळखलं. मग करायचं काय? वडिलांनी साल्झबर्गमधले गणिताचे प्राध्यापक सायमन स्टाम्फर यांचा सल्ला घेतला. स्टाम्फर यांनी पोराची गणितातली बुद्धी पाहिली आणि त्याला व्हिएन्नाच्या पॉलिटेक्निकमध्ये पाठवा म्हणून सांगितलं. १८२२ मध्ये तो व्हिएन्नाला गेला. पुढे साल्झबर्गला परत येऊन राहिलेलं शिक्षण पुरं केलं आणि पुन्हा व्हिएन्नाला जाऊन विद्यापीठात उच्च गणित, यंत्रशास्त्र आणि खगोलशास्त्र शिकला.

गंमत म्हणजे त्याच्या नावाचासुद्धा पुढे घोळ झाला. बारशाच्या नोंदीत त्याचं नाव ख्रिश्चन आंद्रेआस आहे. पण कुणीतरी योहान ख्रिश्चन असं छापलं आणि कितीतरी पुस्तकं तेच छापत राहिली.

सामान विकून अमेरिकेला निघालेला माणूस

१८२९ मध्ये व्हिएन्नाच्या पॉलिटेक्निकमध्ये त्याला गणिताच्या प्राध्यापकांचा सहायक म्हणून काम मिळालं. चार वर्षांची तात्पुरती नोकरी. ती संपली तेव्हा त्याचं वय तीस आणि हातात काहीच नाही.

आजच्या नेट-सेटवाल्या पोरांना पुढची गोष्ट ओळखीची वाटेल. जागा निघायच्या, तो अर्ज करायचा, परीक्षा द्यायचा आणि नकार यायचा. पोटासाठी त्याने एका सूतगिरणीत हिशेबनिसाचं काम केलं. गणितावर शोधनिबंध लिहिलेला माणूस सुताच्या गाठोड्यांचा जमाखर्च लिहीत बसला.

शेवटी १८३५ मध्ये तो कंटाळला. इथे आपलं काही होत नाही, अमेरिकेला जाऊ, असं त्याने ठरवलं. होतं ते सामान विकलं आणि म्युनिकला जाऊन अमेरिकेच्या वकिलातीत चौकशीही केली. नेमकं तेव्हाच प्रागच्या एका तांत्रिक शाळेतून शिक्षकाच्या नोकरीचा निरोप आला.

तो निरोप चार आठवडे उशिरा आला असता, तर कदाचित डॉप्लर अमेरिकेत कुठेतरी दुकान टाकून बसला असता. पण तो प्रागला गेला. पुढच्याच वर्षी साल्झबर्गच्या एका सोनाराची मुलगी माथिल्डे हिच्याशी त्याचं लग्न झालं. त्यांना पाच मुलं झाली. १८४१ मध्ये तो प्रागच्या पॉलिटेक्निकमध्ये पूर्ण वेळ प्राध्यापक झाला.

ऐकायला अर्धा डझन माणसं

२५ मे १८४२. प्रागमधल्या बोहेमियन विज्ञान संस्थेची बैठक. अध्यक्षस्थानी बर्नार्ड बोल्झानो हे मोठे गणिती. समोर श्रोते म्हणाल तर मोजून अर्धा डझन. डॉप्लर उठला आणि त्याने आकाशातल्या जोडताऱ्यांच्या रंगांविषयी आपला निबंध वाचला.

त्याचं म्हणणं समजायला अवघड नाही. समुद्रात लाटा ठरावीक वेळाने येत आहेत. जहाज लाटांच्या दिशेने पुढे गेलं तर त्याला तेवढ्याच वेळात जास्त लाटा भेटतील. लाटांच्या पुढे पुढे पळालं तर कमी भेटतील. समुद्र तोच आणि लाटा त्याच असल्या तरी मोजणाऱ्याला आकडा वेगळा येतो. जहाजाचं हे उदाहरण खुद्द डॉप्लरनेच दिलं होतं.

आवाज ही लाट. प्रकाश हीसुद्धा लाट. मग आवाज करणारी किंवा उजेड देणारी वस्तू आपल्याकडे येत असेल तर लाटा दाटीने येणार, लांब जात असेल तर विरळ होणार. आवाजात दाट लाटा म्हणजे चढा सूर. उजेडात दाट लाटा म्हणजे निळ्याकडे झुकलेला रंग, विरळ म्हणजे तांबड्याकडे. आकाशात काही तारे निळसर आणि काही तांबूस दिसतात, ते याच कारणाने, असा त्याचा दावा होता.

आता खरी गोष्ट ऐका. नियम बरोबर होता, पण उदाहरण चुकीचं होतं.

ताऱ्यांचे रंग त्यांच्या धावण्यामुळे नसतात, ते तापमानामुळे असतात. पांढरा तारा नुसत्या वेगाने डोळ्यांना निळा किंवा तांबडा दिसायचा, तर त्याचा वेग अवाढव्य लागेल. वेगाने ताऱ्याच्या उजेडात फरक पडतो हे खरं, पण तो इतका बारीक असतो की डोळ्यांना कळत नाही, उपकरणाने मोजावा लागतो. डॉप्लरकडे असं उपकरण नव्हतं. त्याने प्रयोग केला नव्हता. त्याच्याकडे फक्त काही ओळींचं गणित होतं.

चालत्या गाडीवर तुतारी

प्रयोग दुसऱ्याच एकाने केला आणि तोही डॉप्लरला खोटं पाडायच्या इराद्याने.

हॉलंडमध्ये बाइस बालॉट नावाचा २७ वर्षांचा एक तरुण शास्त्रज्ञ होता. त्याला ताऱ्यांची गोष्ट पटली नाही. मग आवाजावरच तपासून पाहू, असं त्याने ठरवलं. त्या काळात जगातली सगळ्यांत वेगवान गोष्ट म्हणजे नवीकोरी रेल्वे. त्याने सरकारकडून एक इंजिन आणि उघडा डबा मिळवला. डब्यात वादक बसवले आणि त्यांना एकच सूर धरून वाजवायला सांगितलं. रुळाशेजारी तयार कानाचे संगीतकार उभे केले. गाडी आली, गेली, आणि कानात कोणता सूर पडला तो त्यांनी लिहून काढायचा. मग उलटा प्रयोग केला, वादक खाली आणि ऐकणारे गाडीत.

फेब्रुवारी १८४५ मधला पहिला प्रयत्न बर्फाने आणि थंडीने हाणून पाडला. जूनमध्ये उट्रेख्टजवळच्या रुळांवर प्रयोग पुन्हा झाला. निकाल स्पष्ट होता. गाडी येताना सूर चढा, जाताना उतरलेला, आणि फरक डॉप्लरच्या गणिताशी जुळणारा. खोटं पाडायला निघालेल्या माणसानेच नियम सिद्ध केला. ताऱ्यांच्या रंगांबद्दलची त्याची शंका मात्र कायम राहिली आणि तीही बरोबरच होती.

म्हणून नवापूरच्या फलाटावर शिट्टी ऐकणारा प्रत्येक प्रवासी नकळत १८४५ चा तोच प्रयोग पुन्हा करत असतो.

उत्तरपत्रिका आणि खोकला

इकडे प्रागमध्ये डॉप्लरचे हाल चालू होते. शेकडो विद्यार्थी, त्यांच्या तोंडी परीक्षा, लेखी परीक्षा, ढिगाने उत्तरपत्रिका. त्यात तब्येत मुळातच तोळामासा. तो परीक्षा फार कडक घेतो म्हणून विद्यार्थ्यांनी तक्रारी केल्या. वरून ठपका आला. १८४४ मध्ये त्याला आजारपणाची रजा घ्यावी लागली, तो १८४६ मध्ये परत कामावर आला. छातीचं दुखणं आता पाठ सोडत नव्हतं.

१८४७ मध्ये तो शेम्निट्स इथल्या खाणकाम अकादमीत शिकवायला गेला. हे गाव आज स्लोव्हाकियात आहे. तिथे जरा बूड टेकतंय तोवर १८४८ ची क्रांती आली. सगळीकडे गोंधळ उडाला. तो कुटुंबासह परत व्हिएन्नाला आला आणि ज्या स्टाम्फर सरांनी त्याला लहानपणी गणिताकडे वळवलं होतं, त्यांच्याच निवृत्तीने रिकाम्या झालेल्या जागी नेमला गेला.

मग १८५० मध्ये तो दिवस आला. सम्राट फ्रान्झ जोसेफच्या हुकमाने व्हिएन्ना विद्यापीठात भौतिकशास्त्राची नवी संस्था उभी राहिली आणि तिचा पहिला संचालक झाला ख्रिश्चन डॉप्लर. हिशेबनिसाचं काम केलेला पाथरवटाचा मुलगा आता साम्राज्याच्या राजधानीत भौतिकशास्त्राचा प्रमुख होता.

त्याच्या वर्गात १८५१ मध्ये एक धर्मगुरू विद्यार्थी म्हणून येऊन बसला. नाव ग्रेगोर मेंडेल. हाच पुढे मठाच्या बागेत वाटाण्याची रोपं लावून आनुवंशिकतेचे नियम शोधणार होता.

शेवटची लढाई

सुख फार दिवस टिकलं नाही. व्हिएन्नातच योसेफ पेट्झवाल नावाचा मोठा गणिती होता. कॅमेऱ्याच्या भिंगांचं गणित मांडणारा तोच. विज्ञान अकादमीच्या बैठकांमध्ये १८५२ साली त्याने डॉप्लरच्या नियमावर जाहीर हल्ला चढवला. एवढा मोठा नियम असा चार ओळींच्या सोप्या गणितातून निघूच शकत नाही, असा त्याचा रोख होता. लाट एकदा निघाली की तिचं कंपन बदलत नाही, हे त्याचं मुख्य हत्यार.

दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, कारण दोघं वेगवेगळ्या परिस्थितीबद्दल बोलत होते. पेट्झवालच्या गणितात आवाज करणारा आणि ऐकणारा दोघंही आपापल्या जागी उभे होते. डॉप्लरच्या गणितात त्यांच्यातला एक तरी चालत होता. फरक एवढाच, पण सभेत तो कुणाला पटवून देता आला नाही. पारडं पेट्झवालकडे झुकलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉप्लर उबदार हवेसाठी व्हेनिसला गेला. तेव्हा व्हेनिस ऑस्ट्रियाच्याच ताब्यात होतं. हवा मानवली नाही. १७ मार्च १८५३ रोजी तो तिथेच गेला. मागे बायको आणि पाच मुलं.

व्हेनिसच्या सान मिकेले या दफनभूमीच्या बेटावर त्याला पुरलं. नेमकं कुठे, हे आज कुणाला ठाऊक नाही. दगडावर नावं कोरणाऱ्या घराण्यातल्या माणसाचा थडग्याचा दगडच हरवला.

ताऱ्यांकडून पोटाकडे

पुढे नियम मात्र आपल्या पायांनी चालत राहिला. १८६८ मध्ये विल्यम हगिन्स या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने व्याध ताऱ्याच्या उजेडातला बारीक फरक मोजून त्याचा वेग काढायचा प्रयत्न केला. विसाव्या शतकात याच फरकावरून दीर्घिका एकमेकींपासून लांब चालल्या आहेत हे कळलं.

शरीराकडे मोर्चा वळला तो १९५० च्या दशकात. जपानमधल्या ओसाका विद्यापीठात शिगेओ सातोमुरा यांनी हृदयावर अल्ट्रासाउंड सोडून परत येणाऱ्या लाटांमधला फरक ऐकला. हलणाऱ्या झडपांचा आवाज त्यातून आला. साधारण त्याच वेळी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत इयन डोनाल्ड हे स्त्रीरोगतज्ज्ञ कारखान्यातलं एक यंत्र घेऊन खटपट करत होते. ते यंत्र धातूच्या पत्र्यातली भेग शोधण्यासाठी होतं. १९५८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटातल्या गाठी आणि गर्भ अल्ट्रासाउंडने दिसतो हे जगाला दाखवलं.

या दोन वाटा पुढे एकत्र आल्या. १९७७ मध्ये डब्लिनच्या डॉक्टरांनी गर्भाच्या नाळेतला रक्तप्रवाह डॉप्लरने टिपला. १९८० च्या दशकात जपानी संशोधकांनी त्या आकड्यांना रंग दिले आणि कलर डॉप्लर जन्माला आलं.

हे चालतं कसं? मशीन सेकंदाला साधारण ३० लाख कंपनांचा आवाज पोटात सोडतं. तो कानाला ऐकू येत नाही. बाळाच्या महाधमनीतलं रक्त सेकंदाला ७० सेंटिमीटरच्या आसपास धावत असतं. त्या रक्तपेशींवर आपटून आवाज परत येतो तेव्हा ३० लाखांत फरक पडतो जेमतेम अडीच-तीन हजारांचा. पण अडीच-तीन हजार कंपनं म्हणजे कानाला ऐकू येणारा आवाज. डॉक्टर बटण दाबतात आणि मशीनमधून सप-सप-सप असा आवाज येतो, तो हाच फरक. तो काही हृदयाचा धडधडणारा ठोका नसतो. नवापूरच्या शिट्टीचा तो धाकटा भाऊ असतो.

आणि एक गैरसमज दूर करून टाका. स्क्रीनवरचा लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळा म्हणजे अशुद्ध, असं नसतं. बहुतेक मशीनवर लाल म्हणजे प्रोबकडे येणारं, निळा म्हणजे लांब जाणारं. येतंय की चाललंय, एवढंच. डॉप्लरचा प्रश्न अजूनही तोच आहे.

दोन-तीन मिलिमीटरची कमान

हृदयातून निघणारी सगळ्यांत मोठी रक्तवाहिनी म्हणजे महाधमनी. ती वर जाते, छत्रीच्या मुठीसारखी वळते आणि खाली पोटाकडे उतरते. या वळणाला महाधमनीची कमान म्हणतात. डोकं, हात यांना रक्त नेणाऱ्या फांद्या इथूनच फुटतात. पाचव्या महिन्यातल्या बाळात ही कमान असते अवघी दोन-तीन मिलिमीटर रुंद.

गर्भात आणखी एक नळी असते, डक्टस आर्टेरिओसस. बाळाची फुप्फुसं अजून कामाला लागलेली नसतात. म्हणून फुप्फुसांकडे निघालेलं बरंचसं रक्त ही नळी मधूनच महाधमनीत आणून सोडते. जन्मानंतर तिचं काम संपतं आणि ती साधारण दोन-तीन दिवसांत मिटते.

ॲनोमली स्कॅन साधारण १८ ते २२ आठवड्यांत करतात. त्यात डॉक्टर प्रोब बाळाच्या हृदयावरून हळूच मानेकडे सरकवतात. तिथे कमान आणि ही नळी श्वासनलिकेच्या डाव्या बाजूला एकमेकींना मिळतात आणि इंग्रजी व्ही अक्षर दिसतं. डॉप्लर लावला की व्हीच्या दोन्ही दांड्या एकाच रंगाच्या दिसायला हव्यात, कारण दोन्हींतलं रक्त एकाच दिशेने जातं.

व्हीच्या जागी यू दिसला आणि श्वासनलिका त्याच्या मधोमध अडकलेली असली, तर कमान डावीऐवजी उजवीकडून गेली आहे. पुष्कळ बाळांना याचा काहीच त्रास होत नाही. काहींमध्ये मात्र रक्तवाहिन्यांचं कडं श्वासनलिका आणि अन्ननलिकेला आवळतं. मग श्वास घेताना आवाज येतो, दूध पिताना बाळ दमतं. कधी कधी यामागे गुणसूत्राचा बारीक तुकडा गळालेला असतो, म्हणून डॉक्टर जनुकीय तपासणी सुचवतात. डॉप्लर आणि त्याचा विद्यार्थी मेंडेल इथे पुन्हा एकाच टेबलावर भेटतात.

एक दांडी लाल आणि दुसरी निळी दिसली, तर जास्त काळजी. कमानीत रक्त उलटं वाहतंय, म्हणजे हृदयाची डावी बाजू नीट काम करत नसण्याची शक्यता असते. आणि कमान कुठे अरुंद झालेली असली किंवा मध्येच तुटलेली असली, तर गोष्ट आणखी फसवी. कारण गर्भात बाळाला त्याचा काहीच त्रास होत नाही. डक्टसची नळी उघडी असते, शरीराच्या खालच्या भागाला रक्त तिच्यातून मिळत राहतं. बाळ जन्मतं, रडतं, दूध पितं, सगळे पेढे वाटतात. दोन-तीन दिवसांनी ती नळी मिटू लागते. बाळ घरी गेलेलं असतं. ते मलूल होतं, पाय गार पडतात, दूध सोडतं, श्वास वाढतो.

यावर इलाज आहे. प्रोस्टाग्लँडिन नावाचं औषध शिरेतून चालू ठेवलं की ती नळी उघडी राहते, आणि शस्त्रक्रियेपर्यंत वेळ मिळतो. पण त्यासाठी आधी माहीत असायला हवं.

हेही खरं की कमानीचं अरुंद होणं हा सोनोग्राफीत सापडायला अतिशय अवघड दोष आहे. उजवा कप्पा डाव्यापेक्षा मोठा दिसतोय, एवढीच खूण कधी कधी असते. काही वेळा दोष निसटतो, काही वेळा शंका येते आणि बाळ ठणठणीत निघतं. लाट आणि रक्त एकमेकांना काटकोनात असले तर डॉप्लरला काहीच दिसत नाही, हेही त्याच्याच गणितात आहे. म्हणून जन्मानंतर बाळाच्या जांघेतली नाडी तपासणं आणि हाताला व पायाला ऑक्सिमीटर लावून पाहणं तितकंच महत्त्वाचं.

नवापूरहून किती लांब?

दर हजार जन्मांमागे साधारण आठ बाळांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. त्यातले बरेच किरकोळ असतात. कमानीचे गंभीर दोष त्याहून खूप कमी. पण ज्या घरात ते बाळ जन्मतं, त्या घरासाठी आकडा एकच असतो.

नवापूरहून सुरत आणि धुळे, दोन्ही साधारण शंभर किलोमीटरच्या पल्ल्यावर. मुंबई त्याहून कितीतरी लांब. पाचव्या महिन्यात दोष कळला तर घरच्यांच्या हातात चार महिने असतात. बाळंतपण कुठे करायचं, पैसे कुठून आणायचे, मोठ्या मुलाला कुणाकडे ठेवायचं, हे ठरवता येतं. चौथ्या दिवशी कळलं तर हातात काही तास असतात आणि मध्ये रात्रीचा कोंडाईबारी घाट. तालुक्यातली कित्येक कुटुंबं हंगामात ऊसतोडीला आणि मजुरीला बाहेर पडतात. नेमका तोच पाचवा महिना कुठल्या तरी फडात निघून जातो.

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडे आणखी एक गोष्ट आठवते, ती दवाखान्याच्या दारावरची पाटी. मुलगा की मुलगी हे पाहण्यासाठी या यंत्राचा इतका गैरवापर झाला की महाराष्ट्राला १९८८ मध्ये देशात सगळ्यांत आधी कायदा करावा लागला, आणि १९९४ मध्ये तो देशभर आला. लिंग सांगणं गुन्हा आहे आणि असायलाच हवा. पण बाळाचं हृदय पाहणं हा त्या यंत्राचा खरा उपयोग. तो मागायला कुणी कचरायचं कारण नाही.

म्हणून घरात कुणी गरोदर असेल तर १८ ते २२ आठवड्यांचा स्कॅन चुकवू नका. हृदय नीट पाहिलं का, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या पाहिल्या का, एवढं विचारा. शंका असेल तर गर्भाच्या हृदयाची वेगळी तपासणी असते, तिला फीटल इको म्हणतात. जन्मानंतर दोष कळला तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या जन्मजात हृदयदोषांची तपासणी आणि उपचार बसतात. देशभराची ही योजना २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाली होती. आशाताईंना, अंगणवाडीताईंना विचारलं तर त्या वाट दाखवतील.

सान मिकेले बेटावर डॉप्लरच्या नावाची पाटी आता लावलेली आहे. थडगं मात्र सापडलेलं नाही. त्याला ताऱ्यांचे रंग समजून घ्यायचे होते आणि तिथे तो चुकला. पण येतंय की चाललंय हे कसं ओळखायचं, एवढं त्याने बरोबर सांगून ठेवलं. पुढच्या वेळी नवापूरच्या त्या बाकड्यावर बसाल, तेव्हा फोटो काढून झाल्यावर एखादी गाडी जाईपर्यंत जरा थांबा आणि कान देऊन ऐका.